काठाचा टाका

बाळ झाल्यापासून मला ज्या ज्या गोष्टींची भीती वाटायला लागली, त्यांत लोकर कुठेच नव्हती. पंखा होता. पंखा वरून पडेल म्हणून मी पाळणा सरकवला, तर तो खिडकीशी गेला. वारा लागेल म्हणून खिडकी लावली, कोंदटेल म्हणून परत उघडली, आणि मग डास येतील म्हणून तिच्यासमोर वर्तमानपत्र हलवत उभी राहिले. पिल्लू झोपलं की त्याचा श्वास चालू आहे ना हे बघायला मी त्याच्या नाकाशी बोट धरत असे. बोट गार लागून ते दचकून उठायचं, गळा काढायचं, आणि मला हायसं वाटायचं: चला, चालू आहे! त्याची नखं कापायचा दिवस उजाडला की मला जेवण जात नसे. एवढीशी ती बोटं, वाटाण्याच्या शेंगेतल्या कोवळ्या दाण्यांसारखी, आणि त्यांच्याजवळ मी कात्री घेऊन जायचं? हा कुणी ठरवलेला न्याय?

सासूबाई यातल्या कशालाच घाबरत नाहीत. त्या पिल्लाला एका हातावर पालथं घालून दुसऱ्या हाताने आमटी ढवळू शकतात. मी पोटावर टाके घेऊन दवाखान्यातून घरी आले तेव्हापासून त्या आमच्याकडे होत्या, आणि इतक्या दिवसांत एकदाही माझ्यावर रागावल्या नव्हत्या. ऐकणाऱ्याला हे सुख वाटेल. रागावणाऱ्या सासूशी भांडता येतं, माहेरी तक्रार करता येते, मैत्रिणींत तिची नक्कल करता येते. सासूबाई मात्र माझं काही चुकलं की नुसतं "असू दे" म्हणतात आणि ते काम स्वतः करून टाकतात. दुपटं उलटं बांधलं? असू दे. दूध उतू गेलं? असू दे. या 'असू दे'ने माझी हाडं खिळखिळी केली होती.

आता त्यांना परत जायचं होतं. तिकडे सासरे एकटे होते आणि रोज फोन करून साखरेचा डबा कुठे आहे ते विचारत होते. पण जाताना सासूबाई मला आणि पिल्लाला बरोबर नेणार होत्या. "पिल्लू चालायला लागलं की या परत," त्या सहज म्हणाल्या. नवऱ्याने लगेच विचारलं, "मग दोन तिकिटं काढू?" संसारातलं तिकिटं काढण्याचं खातं त्याच्याकडे आहे, बाकीची खाती माझ्याकडे आहेत.

"मी सांभाळेन की इथे," मी म्हणाले. आवाज जरा बारीक निघाला.

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आणि दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "नवीन चष्मा तयार झालाय, घेऊन येते. तुम्ही दोघंच राहून बघा आज. किती तिकिटं काढायची ते संध्याकाळी ठरवू."

म्हणजे परीक्षा. अशी परीक्षा मी आयुष्यात दिली नव्हती, कारण इथे नापास झाले तर मला पेपरासकट उचलून नेणार होते. पिल्लू माझं, पण त्याला सांभाळायला मी पुरते की नाही, हे मी स्वतःसुद्धा छातीठोक सांगू शकत नव्हते. म्हणून तर तिकडे जायचं नव्हतं. एकदा गेले असते तर आयुष्यभर मी 'जिला जमलं नाही ती' झाले असते, आणि ते कुणी बोलूनही दाखवलं नसतं.

सासूबाई गेल्या. पिल्लू झोपलं. मी हातपाय आवरून बसले, म्हणजे काही पडायला, सांडायला, फुटायला नको. पण हात आवरले तरी कोपर राहतंच. टेबलावरचा दुधाचा पेला कलंडला आणि दुधाचा ओघळ थेट सासूबाईंच्या शालीकडे निघाला.

ही शाल त्या पिल्लासाठी विणत होत्या. लालचुटुक, मऊ, आणि इतकी सारखी विणलेली की यंत्राला लाज वाटावी. वीतभरच काम राहिलं होतं. मी झेप घालून शाल उचलली. एक थेंब लागू दिला नाही! शाबासकी द्यायला कुणी नव्हतं म्हणून मीच मनातल्या मनात दिली, आणि ती घेत असतानाच सुईच्या टोकावरून ओळीचा शेवटचा टाका अलगद खाली उतरला. मी घाईने त्याला धरायला गेले. लोकरीचं आणि मांजराचं एक असतं, धरायला गेलं की पळतं. तो आणखी खाली गेला, त्याच्या खालचाही त्याच्यामागे गेला, आणि शालीच्या काठाशी एक भलामोठा फास लोंबायला लागला.

मी तो चिमटीत पकडला आणि खुर्चीत बसले. शाल मांडीवर, हात शालीखाली, चिमटीत फास. चिमूट सोडली की सगळी शाल सरसर उसवत जाईल, खोलीभर लाल लोकर होईल, सासूबाई दारात येतील आणि म्हणतील, "असू दे." नुसत्या कल्पनेने मला घाम फुटला.  

मोकळ्या हाताने नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

"अरे, घोटाळा झालाय. टाका सुटलाय."

"काय सुटलंय?"

"टाका! कडेचा. मी धरायला गेले तर आणखी खालपर्यंत उसवलं."

"बापरे! मग... आता कसं आहे?"

"बोटांनी दाबून धरलंय. सोडलं की संपलं."

"लाल वगैरे दिसतंय का?"

मला रागच आला. इतके दिवस याच्या नाकासमोर विणली जातेय! "लाल दिसतंय का काय विचारतोस? लालच आहे सगळं!"

"तू हलू नकोस! अजिबात हलू नकोस!"

"हललेच नाहीये. आणि हे बघ, आईंना यातलं काही कळता कामा नये."

"अगं, वेडी आहेस का? आईला नको कळवू?"

"नको म्हणजे नको. त्या यायच्या आत मलाच काहीतरी करायला हवं. घरात आकड्याची सुई कुठे असते रे? मीच घालून बघते."

यावर नवऱ्याने फुग्यातली हवा गेल्यासारखा आवाज काढला. "सुईला हात लावू नकोस!" तो ओरडला आणि फोन बंद झाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या एखाद्या अडचणीने हा माणूस इतका कळवळलेला मी पाहिला नव्हता. विणकामाबद्दल त्याच्या मनात एवढी माया असेल, असं वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. ते पुसायला हात मोकळा होता, पण त्या हातात फोन होता.

थोड्याच वेळात दाराच्या कुलपात किल्ली फिरली. आमची जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. काकू आल्या, आणि त्यांच्यामागे कंपाउंडरकाका. काकांनी नोकरीत असताना डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत इतकी वर्षं काढली आहेत, की मधली भिंत आपली नुसती सोय म्हणून होती असं ते समजतात.

"अगं बाई, कशी गं पांढरीफटक पडलीयेस!" काकू म्हणाल्या. "त्याचा फोन आला, मी भाजी गॅसवर तशीच टाकून आले. कुठे सुटलाय? बघू."

"अगदी कडेला," मी कुजबुजले. पिल्लू झोपलं होतं.

"हात काढ बघू."

"नाही काढणार! काढला तर सगळं उसवेल."

काकूंनी तोंडावर हात घेतला. काका पुढे झाले. "कधी सुटला?"

"आत्ताच. उचलायला गेले आणि सुटला."

"उचलायला? काय उचललंस?"

"ही शाल."

काकांनी काकूंकडे अर्थपूर्ण पाहिलं. "बघितलंस? शाल उचलायचीसुद्धा ताकद उरलेली नाही."

"थोडं पाणी देता का, काकू?" मी म्हणाले.

"पाणी नाही!" काका कडाडले. "पोट रिकामं हवं. भूल द्यावी लागली तर?"

मला वाटलं, नवऱ्याने यांना सगळं सांगितलेलं दिसतंय. सासूबाईंची भीती, तिकिटांचा प्रश्न, सगळंच. आणि कल्पना काही वाईट नव्हती. सासूबाई दारात येतील तेव्हा मी भुलीखाली असले तर माझी तक्रार नव्हती.

"माझ्या मावसबहिणीचे असेच सुटले होते," काकू पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "पण तिचे बाई तीन थरांत होते."

"तीन थरांत?" मी चकित झाले. "पाठीमागून गाठी दिसत नाहीत मग?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका हळू आवाजात म्हणाले, "भ्रम होतोय. बोलू दे तिला."

एवढ्यात जिन्यावर गलका ऐकू आला. दार उघडंच होतं. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींचा आवाज मी झोपेतही ओळखीन.

"दुपारी लिफ्टमधून सामान न्यायला बंदी आहे. पाटी लावलीय तिथे. वाचता येत नाही का?"

"साहेब, हे स्ट्रेचर आहे."

"चाकं आहेत ना? चाकाचं ते सामान."

"अहो, यावर माणूस झोपणार आहे!"

"पलंगावरही माणूसच झोपतो. पलंगाला परवानगी घ्यावी लागते."

स्ट्रेचर? इमारतीत कुणाला काय झालं असेल? मी काकूंना विचारलं, "कोण हो? वरच्या आजोबांना काही झालं का?" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "स्वतःचं सोडून दुसऱ्याची काळजी करतेय पोर," त्या म्हणाल्या.

आणि ते स्ट्रेचर आमच्याच दारातून आत आलं. ॲम्ब्युलन्सचे दोघे, एक उंच, एक जाडा. मागून सेक्रेटरी, नियम कुठे कुठे मोडला जातोय ते बघत. मी खुर्चीत आणखी आत सरकले. आता मला खरीखुरी भीती वाटायला लागली. एवढीशी ही शाल आणि तिच्यासाठी ॲम्ब्युलन्स? असं कुठलं घर असतं, जिथे एका टाक्यासाठी माणसाला उचलून नेतात? सासूबाईंच्या माहेरी कदाचित असेल.

उंच माणूस माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. आवाज मऊ. "ताई, घाबरू नका. टाके कुणी घातले होते?"

"सासूबाईंनी."

"कुणी?"

"सासूबाईंनी. सगळे त्यांनीच घातलेत. मी एकसुद्धा नाही."

"दवाखान्यात?"

"छे! इथेच, या खुर्चीवर बसून. रोज दुपारी थोडे थोडे."

"रोज?"

"रोज. हल्ली त्यांना नीट दिसत नाही, पण हाताला सवय आहे. टीव्ही बघता बघता घालतात."

काकू भिंतीला धरून खाली बसल्या. जाड्या माणसाने टोपी काढली.

"आणि... दुखत नाही?" उंच माणसाने विचारलं.

"मनगट दुखतं त्यांचं कधीकधी," मी म्हणाले.

आणि दारातून आवाज आला, "काय चाललंय?"

सासूबाई उभ्या होत्या. डोळ्यांवर नवा कोरा चष्मा. त्यातून त्यांना आमचं घर पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसत होतं, आणि त्यात काय काय दिसत होतं! मी चिमूट आणखी घट्ट केली. काकू मात्र उठल्या, आणि पदर खोचून सरळ त्यांच्यावर चालून गेल्या.

"तुम्ही घातलेत टाके?"

"हो. का?" सासूबाई म्हणाल्या. "सैल झालेत?"

"अहो, सुनेला असं करतं का कुणी?"

"सुनेला कशाला? पिल्लासाठी घालतेय."

"पिल्लालासुद्धा!" काकूंनी अशी किंकाळी फोडली की तावदानं थरथरली.

आणि पिल्लू रडलं.

ते नेहमीचं भुकेचं रडणं नव्हतं. झोपेतून दचकून, श्वास कोंडून, मग एकदम फुटलेलं होतं. त्यानंतर कोण काय बोललं, मला माहीत नाही. "उठू नका!" असं कुणीतरी ओरडलं म्हणे. काकांनी मला अडवायला हात पसरले होते म्हणे. मला फक्त एवढं आठवतं, की स्ट्रेचर मध्ये होतं आणि मी ते ओलांडलं. पिल्लाला उचललं, खांद्याशी धरलं. त्याचं डोकं माझ्या मानेच्या खाचेत टेकलं, ते हुंदका देत देत शांत झालं, आणि मग मला बाकीची खोली दिसायला लागली.

सगळे माझ्याकडे बघत होते. शाल जमिनीवर पडली होती. एक सुई घरंगळत सेक्रेटरींच्या बुटापर्यंत गेली होती.

"पेशंट तर उड्या मारतोय," जाडा माणूस म्हणाला.

सासूबाईंनी वाकून शाल उचलली, काठ उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अगं, हा टाका सुटलाय होय?"

मराठी भाषेत शब्दांची कमतरता आहे असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टर पोटाला घालतो तोही टाका आणि सासूबाई लोकरीला घालतात तोही टाका, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवायला हवं.

खुलासा पुरता होतोय न होतोय तोच नवरा पोचला. लिफ्ट स्ट्रेचरच्या वादात वरच अडकून पडल्यामुळे तो सगळे जिने धावत चढला होता. त्याने दारातून रिकामं स्ट्रेचर पाहिलं, जमिनीवर लाल काहीतरी पसरलेलं पाहिलं, (काकूंच्या पायात लोकरीचा गुंडा अडकला होता,) "उशीर झाला?" एवढंच म्हणाला आणि दाराच्या चौकटीवरून घसरत खाली बसला. मग दोघांनी त्यालाच स्ट्रेचरवर घेतलं आणि रक्तदाब मोजला.

"खाली न्यायचं असेल तर पुन्हा विचारावं लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "मघाची परवानगी वर यायची होती."

"आधीच लोकरीचा म्हणून नाही का सांगायचं?" काकू माझ्यावर उखडल्या. भाजी करपल्याचा वास आता आमच्याकडे येत होता.

"टाका म्हटल्यावर आणखी कसला असणार, काकू?"

"ऐका! पोटाला टाके पाडून घेतलेली बाई मलाच विचारतेय!" जाता जाता त्या सासूबाईंना म्हणाल्या, "पण कमाल आहे तुमच्या सुनेची. आम्ही घसा फोडून सांगतोय, हात काढ, तर ही काढायची नाही. पोरानं एकदा टॅहां केलं, तर फेकून दिलं सगळं."

"दिसलं मला," सासूबाई म्हणाल्या. "नवा चष्मा आहे."

सगळे गेले. नवरा सोफ्यावर आडवा झाला. मी पिल्लाला मांडीवर घेऊन सासूबाईंसमोर बसले आणि 'असू दे'ची वाट बघू लागले. शालीचा काठ पार खालपर्यंत ढिला पडला होता. नापास तर मी झालेच होते. निकाल तेवढा ऐकायचा होता. तिकडच्या घरात माझी खोली कुठली असेल, पाळणा कुठे बसेल, याचाही विचार मनाने सुरू केला होता.

"किती वेळ धरून बसली होतीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही गेल्यापासून जवळजवळ."

त्यांनी पिशवीतून आकड्याची सुई काढली आणि माझ्यापुढे धरली. पिल्लाला त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"मी?" माझ्या तोंडून निघालं. "माझ्याने आणखी बिघडेल, आई."

"बिघडलं तर बघू. हे बघ, मधला टाका सुटला की शिडी पडते. एकेक पायरी आकड्यात घेत वर यायचं, लहान मूलही करील. काठाला शिडी नसते. तिथे हा असा लांबडा फास. ओढायचा नाही. आधी खाली बघ, शाबूत टाका कुठे आहे? तो. त्यात आकडा घाल. आता फासाची अलीकडची बाजू धरून त्यातून बाहेर काढ. हं. आता पलीकडची, ह्याच टाक्यातून. झाल्या दोन ओळी. घाबरतेस कशाला?"

"उसवेल म्हणून."

"उसवलेलंच तर आहे."

आधी आकडा लोकरीऐवजी पदरात अडकला. तो सोडवला. पुन्हा घातला. फास, अलीकडची बाजू, पलीकडची बाजू. वर पुढचा फास, पुन्हा तेच. मध्येच एक टाका उलटा पिळून बसला. सबंध शालीत तेवढाच एक, आखडलेल्या मानेसारखा. मी घाबरून वर पाहिलं. सासूबाईंनीही तो पाहिला होता. आता त्या सुई माझ्या हातातून घेतील आणि 'असू दे' म्हणतील, असं मला वाटलं.

"पुढचा घे," त्या म्हणाल्या.

शेवटचा टाका सुईवर चढवला तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती. पिल्लू सासूबाईंच्या मांडीवरून माझ्या हातांकडे एकटक बघत होतं, जणू त्याच्याच जिवाचा प्रश्न होता.

सोफ्यावरून नवऱ्याने मान उचलली. रंग परत आला होता, त्यामुळे खातंही आठवलं होतं. "आई, मग तिकिटांचं काय? दोन ना?"

मी शालीकडे बघत राहिले.

"एकच काढ," सासूबाई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि आनंदाची एक लाट आली, आणि ती ओसरायच्या आतच तिच्यामागून दुसरी आली, थंडगार. एकच तिकीट. म्हणजे सकाळी उठल्यावर या घरात मी, पिल्लू, पंखा, खिडकी आणि नखं. ताप आला तर? घास अडकला तर? एका हातावर पालथं घालून आमटी कोण ढवळणार? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पिल्लाचं पाऊल तळहातात धरलं होतं आणि अंगठ्याने ते हळूहळू चोळत होत्या. नव्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या, आणि पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

"कधीचं काढू?" नवऱ्याने फोन हातात घेत विचारलं. "उद्याचं मिळतंय बघ."

"एवढी घाई काय आहे?" आम्ही दोघी एकदमच त्याच्या अंगावर ओरडलो.